राखेतले वाल

वाडी, बडोदे
१७ सप्टेंबर

ती. बापूस,
शालूचा शि. सा. न.

आठवतं का, कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की मी शेतात हिंडायचे, पांढऱ्या मोज्यांना कुसळं चिकटायची आणि तू ओट्यावर बसून ती एकेक काढायचास? म्हणायचास, शालूला इंग्रजी येतं, पाय कुठे ठेवावा ते येत नाही. अजून तेच चाललंय.

परवा तुझ्या शेजारच्या आशयने तुझा डबा आणला. त्याला बाजव्याच्या कारखान्यात पाळीवर जायची घाई. बापूंनी दिलंय एवढंच म्हणाला नि गेला. उघडला तर वाल, आणि त्यात राखच राख! वाटलं, चुलीपाशी सांडली असेल, मोतीबिंदूमुळे तुला दिसली नसेल. तीन पाण्यांनी धुतले, भिजवले, फडक्यात बांधले. आज बिरड्यासाठी निम्मे सोलून झाले, तेवढ्यात खालच्या चारुलताबेन आल्या. राखेचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, आ तो बियारण छे, बियाणं आहे हे, किडू नये म्हणून राखेत ठेवतात.

बापू, हे आईने जपलेले बियाण्याचे वाल तर नव्हेत? रोझड्यांचा, त्या नीलगाईंचा, कळप पीक खाऊन गेला, एवढाच डबा उरला, असं तू लिहिलं होतंस. उरलेल्यांना मोड आलेत. वाळवू? फ्रीजमध्ये ठेवू? की पुन्हा राख लावू? डोकं चालत नाही. आशयच्या हाती लगेच कळव. फोनवर तुला ऐकू येणार नाही आणि मला रडू येईल.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी शालू

---

शेतावरून
१८ सप्टेंबर

चि. शालूस,
अ. उ. आ.

आईचेच. कोठीचं छप्पर गळतंय, म्हणून तुझ्या कोरड्या घरी ठेवायला दिले. चिठ्ठी घालायची राहिली, ही चूक माझी. तुझी आई म्हणायची, भूक लागली तर भिंत चाट, बियाण्याचा डबा उघडू नको. तू तर बियाण्याला आंघोळ घातलीस!

वाळवू नकोस, मोड मरतील. आजच मातीत जायला हवेत. इथे पोटरीभर चिखल आहे, कुजतील. कुंड्या, डबे, चहाचे कागदी कप, मिळेल त्यात लाव. मोडाचं टोक खाली. ते मूळ आहे, शेंडा नव्हे. पाणी बेताने. तुम्ही शहरातले लोक रोपाला पाण्याने मारता आणि पाहुण्याला चहाने.

उगवतील तेवढे आपले. जिवाला लावून घेऊ नकोस.

बापू

---

वाडी, बडोदे
२९ सप्टेंबर

ती. बापूस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचूनही घोळ केलाच. शाळेत वनस्पतिशास्त्राचं बक्षीस माझं, तरी पहिले आठ मोड वर तोंड करून लावले. चारुलताबेन हसून बेजार! पण त्यातलेही पाच आपोआप वळून खाली गेले. माझ्यापेक्षा त्यांनाच वाट ठाऊक. सगळी मिळून सव्वीस रोपं उभी आहेत. सव्वीस पुष्कळ की थोडी, ते मला कळत नाही. रोज सकाळी मोजते आणि रोज घाबरते.

सगळी एका घरी ठेवायची नाहीत, एवढं मात्र कळलं. चौदा आशयबरोबर पाठवते, चिखल ओसरला की लाव. चार चारुलताबेनना, त्या आल्या नसत्या तर आई सबंध पोटात गेली असती. चार माझ्या लेकीला, मोहनाला, तिच्या लहरीपुऱ्यातल्या दुकानामागे ऊन येतं. चार माझ्या गॅलरीत. पहिल्या शेंगा कुणी खायच्या नाहीत, वाळवायच्या, असं सगळ्यांना बजावलंय. तूही ऐक.

सोललेल्यांचं बिरडं फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. वाटीभर आशयला, वाटीभर तुला.

रिकामा डबाही पाठवते आहे. तो राख भरून मला परत कर.

तुझी शालू