दुपारी दोन ते चार

४ जून २००१, सोमवार
आलं: जुना कॉम्प्युटर, टेबलासकट १४,०००. मोडेम १,२००. वायर, खिळे १६०. नारळ ८. भिशी लागली, त्यातून भागवलं. दुकानात तांदळाची पोती होती तिथे बसवला. हे म्हणतात, "हा डबा किलोवर विकायचा की लिटरवर?" हसा म्हटलं. कॉलेज रोडला इंटरनेटचे तासाला चाळीस घेतात. आपण पंचवीस, पाव तासाचे सात. पंचवटीतल्या माणसालाही परवडायला हवं.
पूजा केली. अक्षता की-बोर्डात गेल्या. उलटा धरून झटकला. देवा, सांभाळ.

७ जून, गुरुवार
मखमलाबादची सुमनबाई मोगरा विकून दुकानात आली. मुलगा दुबईला, पत्राला वीस-वीस दिवस. त्याने ई-मेलचा पत्ता कळवलेला, तो कागद पिशवीत जपून आणला. ती बोलली, मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. "लिवा, म्हैस व्याली. लिवा, पोरगी बघून ठेवलीय, हो का नाय ते सांग."
"गेलं?"
"गेलं."
"आन् टिकीट?"
काय हसलो दोघी! आज आमटीत मीठ विसरले.

११ जून, सोमवार
दुपारी सात जण. रांग! मी हवेत. आणि संध्याकाळी समोरच्या चाळीतले शिंदेकाका आले, लालबुंद.
गल्लीतली नऊ घरं पाहुण्यांना आमच्याच दुकानाचा नंबर देतात. फोन आला की आम्ही हाक मारतो. नेट चालू असताना फोन लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकांची मुलगी इगतपुरीला दवाखान्यात, जावई स्टेशनवरच्या बूथवरून दुपारभर फोन लावतोय. शेवटी गाडीने कुणाच्या तरी हाती निरोप. मुलगा झाला, दोघं सुखरूप. पण काका म्हणाले, "वहिनी, दुबई लागते तुमची, इगतपुरी लागत नाही!"
ह्यांनी वायर काढली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१२ जून, मंगळवार
जप करताना सुचलं (लक्ष नव्हतं, क्षमा). नेट फक्त दोन ते चार. तेवढ्या वेळात पाहुण्यांनी समोर रफिकभाई टेलरकडे फोन करायचा. त्यांना विचारलं. "भाभी, मशीन थांबवून हाक मारीन. पण चहा तुमचा."
हे म्हणाले, "नऊ पाहुण्यांना लिही. नऊ जणांचं 'समजलं' आलं तर वायर लावतो. आठ चालणार नाहीत." एका बैठकीत नऊ कार्डं लिहिली.

२१ जून, गुरुवार
आठ आली!! लासलगावच्या मामींनी तर कांद्याचा भावही कळवलाय. राहिले इगतपुरीचे जावई. शिंदेकाकांचा राग उतरला, म्हणतात, मी सांगतो ना. ह्यांचं एकच, "चुकामूक त्याची झाली. त्याच्या हातचं हवं." खरं आहे.
सुमनबाई रोज येते. "पोराचं आलं आसंल ना आत?" आलंही असेल. वायर हाताशी आहे. लावणार नाही, शब्द दिलाय. ती झाकलेल्या कॉम्प्युटरवर मोगऱ्याची चार फुलं ठेवून गेली.
आज पुन्हा कार्ड टाकलं. नक्कल:
"जावईबापू, स.न. त्या दिवशी चूक माझी. शिंदेकाकूंबरोबर बाळाला झबलं-टोपडं धाडते आहे. दुपारी दोन ते चार फोन समोर टेलरकडे करावा, नंबर खाली दिला आहे. इथे एक आई मुलाच्या पत्रासाठी तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसली आहे. 'समजलं' एवढंच लिहा, पण उलट टपाली कळवा."