तर्कशुद्ध तयारी

२ मार्च
आजपासून कसून अभ्यास. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी विचारक्षमतेची टेस्ट आहे. पाठांतर शून्य, नुसतं डोकं. म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे. उद्या पहाटे पाचला उठणार.

३ मार्च
नऊला उठलो. झोपेशिवाय डोकं चालत नाही, तेव्हा हाही अभ्यासच.
संध्याकाळी बाबांनी चहा कपाबाहेर ओतला. आई म्हणाली, डोळे दाखवून या, स्कूलबस चालवता तुम्ही. बाबा म्हणाले, रस्ता पाठ आहे. मी पुस्तकातलं ऐकवलं, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. बाबा खूश.

९ मार्च
सराव पेपर. आधी उत्तर बघतो, मग प्रश्न. वेळ वाचतो. सगळी बरोबर!
बाबांनी बस शाळेच्या गेटला घासली. आई म्हणाली, तू तरी समजाव, तुझं ऐकतात. म्हटलं, गेटचा आणि डोळ्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. ती उठून भांडी घासायला गेली. मुद्दा संपला की माणसं अशीच उठून जातात.

१५ मार्च
जिन्यात आत्या समोर आली, तर बाबांनी स्वतःच्या बहिणीला विचारलं, कोण पाहिजे? आत्या बारीक झालीय हल्ली. पर्यायी स्पष्टीकरण!
बाबांची नोकरी गेली तर माझी फी कोण भरणार, असंही मनात आलं. ते तर्कात बसत नाही, म्हणून सोडून दिलं. उद्यापासून दुप्पट अभ्यास.

२२ मार्च, दुपारी, टेस्ट सेंटरच्या पायऱ्यांवर
मुलांना घ्यायला जाण्याआधी बाबांनी मला बसमधून इथे सोडलं. रिकाम्या बसमध्ये मी शेजारी. चौकात त्यांनी हळूच विचारलं, लाल आहे की हिरवा? लाल होता. मग प्रत्येक सिग्नल मीच सांगत आलो.
उतरलो. सांभाळून जा म्हटलं. ते म्हणाले, शांत डोक्याने लिही. बस मुलांना आणायला वळली. हात करून थांबवता आली असती. पण टेस्टची वेळ झाली होती.
पेपरात प्रत्येक उताऱ्याखाली तोच प्रश्न, यावरून काय सिद्ध होतं? पर्याय वाचवेनात. पेपर जवळजवळ कोरा दिला.
बाहेर येऊन फोन चालू केला. आईचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. पेपर कसा गेला हेच विचारायचं असेल. पण पेपरचं ती कधीच विचारत नाही.
मला भीती वाटतेय. फोन पुन्हा वाजतोय.