पिवळी पानं, हिरव्या शिरा

मिनास, १८ डिसेंबर २०१६

ती. आल्सिदेसदादास,
धाकट्या मिर्ताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भलतंच ऐकतोस, म्हणून पत्र. तुझ्या मेव्हण्याचं, हेबेरचं, हाडांतलं दुखणं वाढलंय. गोळ्या घेतल्या की तो एकतर झोपतो नाहीतर ओकतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्या गांजाचं तेल देऊन बघा, थोडी कळ थांबेल, दोन घास जातील. गांजा लावणाऱ्यांची नोंद टपाल कचेरीत होते, म्हणून तिथल्या खिडकीवर रीतसर नाव नोंदवून आले. सहा झाडांची परवानगी आहे. अडुसष्टाव्या वर्षी सरकारदरबारी माझं नाव लागलं ते हे असं. आई असती तर तिने मला उंबरठा ओलांडू दिला नसता.

अंगणातल्या कुंड्यांत झाडं कमरेएवढी झाली आणि आता पिवळी पडताहेत. काळी माती, गांडूळखत, भाताचं तूस, सगळं नीट मिसळलं होतं. तू चाळीस वर्षं साल्तोला संत्र्यांची कलमं केलीस, तूच सांग काय द्यावं. तोडणी मार्चअखेर आहे. हे पीक गेलं तर पुढचं बघायला हेबेर असणार नाही. हे तुलाच लिहिते, त्याच्यासमोर मी हसतमुख असते.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
मिर्ता

साल्तो, २७ डिसेंबर

चि. मिर्तास,
अनेक आशीर्वाद.

गांजा काय नि संत्रं काय, पोट सगळ्यांना असतं. पिवळी पडली म्हणजे भुकेली आहेत, नत्र कमी पडतंय. गांडूळखत पाण्यात कालवून आठवड्यातून दोनदा घाल. आमच्या मेव्हण्याला सांग, पत्त्यांच्या डावात, त्रुको खेळताना, त्याने एक पान लपवलं होतं ते मी विसरलेलो नाही. त्याचा हिशेब व्हायच्या आत त्याला कुठे जाता येणार नाही.

तुमच्या खुशालीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आल्सिदेस

मिनास, ९ जानेवारी २०१७

ती. दादास सा. न.

तीनदा खत घातलं. आता पानांची टोकं करपलीत आणि पिवळेपणा तसाच. दोन पानं सोबत घातलीत, दोरा बांधलेलं शेंड्याचं, दुसरं बुडाचं.

हेबेर रोज सकाळी झाडांची चौकशी करतो. त्याला मोरीपर्यंत न्यायचं तर माझ्या खांद्याचा आधार लागतो. रविवारी मी बाजारात जाते तेवढे दोन तास तो एकटा. परत येते तेव्हा दमलेला असतो, पण खुशीत. माझी कटकट नसली की त्याला बरं वाटत असेल.

दादा, लवकर लिही. झाडांनी मान टाकली तर मी काय करू?

तुझी मिर्ता

साल्तो, १७ जानेवारी

चि. मिर्तास आशीर्वाद.

चूक माझी. पान न बघताच मी वैद्यकी केली. भुकेलं झाड आधी बुडाची पानं पिवळी करतं. तुझं बुडाचं पान हिरवं आहे, शेंड्याचं पिवळं आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोह न मिळाल्याची खूण. लोह मातीत आहे, पण मुळांना ते उचलता येत नाही, आणि वरून तू खत ओततेस. आमच्या बागेत मालकाच्या सासूने कलमांना चुलीची राख घातली होती तेव्हा हुबेहूब अशी पानं आली होती. राखेने मातीचा आंबटपणा मरतो. तुझ्या कुंड्यांत कोणीतरी राख घालतंय.

वरची माती काढून नवी घाल. खत बंद. पावसाच्या पाण्यात बादलीला चमचाभर व्हिनेगर टाकून तेच घाल. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी येतील.

आल्सिदेस

मिनास, २९ जानेवारी

ती. दादास सा. न.

राख सापडली. सहाही कुंड्यांत, मातीच्या पातळ थराखाली. हेबेरनेच घातली होती. मी बाजारात गेले की तो भिंत धरून धरून अंगणात जायचा आणि मांस भाजायच्या शेगडीतली राख मुठीमुठीने घालायचा. त्याची आई टोमॅटोंना घालायची म्हणे. झाडं फोफावली की मग मला सांगणार होता, ही माझी करामत.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, तुला मरायचंय तर मर बाबा, माझी झाडं कशाला मारतोस. सगळ्या गल्लीने ऐकलं. तो पडदा ओढ म्हणाला. नऊ दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडलाय. अंगणाच्या दाराला मी कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या एप्रनमध्ये आहे. रुसू दे. माती बदलली, व्हिनेगर चालू केलंय.

मिर्ता

साल्तो, ५ फेब्रुवारी

मिर्ता,

आशीर्वाद नंतर, आधी कुलूप काढ. आजच.

मी राख ओळखली, तू चोर पकडलास, आणि खांद्याशिवाय मोरीपर्यंत न जाणारा माणूस अंगणात पोचला कसा, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. वेडे, राख घालायची होती म्हणून तर तो चालत होता. त्याच्या हाती झारी दे. व्हिनेगरचा चमचा मोजायचं काम त्याचं, असं सांग. त्याची माफीही माग, मागितलीस तर तू काही झिजणार नाहीस. कार्निव्हल आटोपला की मी बसने निघतो.

दादा

मिनास, २१ फेब्रुवारी

ती. दादास,

टपालवाल्यांचा संप होता. तुझं पत्र चौदा तारखेला, मंगळवारी मिळालं. हेबेर त्याच्या दोन दिवस आधीच, रविवारी गेला. सोमवारी त्याला पुरलं.

भांडणाच्या त्या दिवसानंतर तो उठलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुखणंच तसं होतं, मनाला लावून घेऊ नका. त्यांना कुलपाचं माहीत नाही. शुक्रवारी शेंड्याला पहिलं हिरवं पान दिसलं, ते मी त्याला नेऊन दाखवलं. त्याने डोळे उघडले नाहीत. हात लावून बघितलं आणि म्हणाला, मिर्ता, मला माफ कर. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, बरं.

तुझं निदान अगदी बरोबर होतं. सहाही झाडं हिरवीगार आहेत, कळ्या धरल्यात. तेल निघायला अजून पाच आठवडे आहेत. मी रोज पाणी घालते. कशासाठी घालते ते तू आल्यावर विचारू नकोस.

तुझी
मिर्ता