साच्याला लावलेलं कुंकू

आबा, साचा उघडा आहे आणि मी पितळी काडीने त्याच्या खाचांतलं कुंकू खरवडते आहे. लोखंडी टाचणी घेतली होती, साच्याला चरे पडतात म्हणून तुम्ही हासडायचा ती शिवी आठवली, ठेवून दिली. मधेच हात पुसून हे लिहिते.

दसऱ्याची पूजा झाली तेव्हापासून ठिबक सिंचनाच्या प्लास्टिक टोपणांना एकाच कडेला काळा डाग येतो आहे. पहिली काही तर गुलाबी निघाली. शुभ म्हणून लोकांनी घरी नेली. मग उपाय सुरू झाले. मालक म्हणाले, प्लास्टिकचा दाणा ओला आहे. दाणा वाळवला. मी म्हटलं, प्रेशर वाढवा. डाग मोठा झाला. धुळ्याकडचा ऑपरेटर म्हणाला, "ताई, मशीन बठ्ठं बरोबर शे. देव रुसना." देव रुसलाय म्हणे. मालकांनी देवाला सोडलं आणि त्याला धरलं. "उद्यापासून तू पॅकिंगला." पंधरा वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस आता खोकी चिकटवणार. मी प्रेशरचा काटा बघत राहिले.

लहानपणी पिंप्राळ्याच्या घरात तुम्ही मला बाटलीत तेल भरायला बसवलं होतं. नरसाळं घट्ट बसलेलं, तेल वरच अडलेलं, आणि मी आणखी ओतते आहे. ओट्यावर ओघळ. आई म्हणते, "तुमचा कारखाना घरात आणू नका." तुम्ही नरसाळं बोटभर उचलता. तेल गटागटा खाली जातं. "आत हवा बसलीये. ती आधी बाहेर पडू दे. जोर कसला करतेस?" साच्यातही तेच. केसाहून बारीक खाचांतून हवा निघून जाते. त्या बुजल्या की ती कोंडते, दाबाने तापते आणि प्लास्टिक जाळते. हे मी नव्या लोकांना शिकवते. तोंडपाठ आहे.

तुम्ही फिटर असताना कुंकू साच्याच्या बाहेरच्या अंगाला लावायचात, एक बोट. मला तो कंजूषपणा वाटायचा. मी साचा उघडून आतल्या तोंडावर पाच बोटं ओढली. तेलात कालवून, टिकावं म्हणून. टिकलं.

हे मालकांना सांगायचं आहे आणि जीभ रेटत नाही. फिटरच्या मुलीने साचा बुजवला म्हणतील. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही गेल्यापासूनच्या बारा वर्षांत एकदाही ओरडला नाहीत.

सकाळी सांगितलं. मालकांनी खाचांवरून बोट फिरवलं आणि पॅकिंगमध्ये निरोप धाडला. ऑपरेटर मशीनवर परत आला, टोपणं स्वच्छ निघाली. पुढच्या दसऱ्याला पूजा तो करणार आहे. मी पेढे आणायचे.