चाळीस मासे

३ फेब्रुवारी

ड्रम आला! तीनशे लिटरचा, निळा. दोन हमालांनी जिन्यातून चढवताना भिंतीचा रंग खरवडला. दोघांनाही झापलं. गॅलरी अर्धी गेली. ही म्हणाली, "कपडे कुठे वाळत घालू?" म्हटलं, तुझ्या वडिलांच्या खोलीत घाल. तेवढाच त्यांना गारवा.

कल्पना साधी आहे. खाली ड्रममध्ये मासे. वर ट्रेमध्ये खडी, खडीत रोपं. माशांची घाण पंपाने वर जाते, रोपं ती खातात, स्वच्छ पाणी परत खाली पडतं. माती नाही, खत नाही. बत्तीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर होतो, चारशे माणसं हाकली. मूठभर मासे हाकायला काय लागतं!

५ फेब्रुवारी

खडी धुतली. म्हाताऱ्याने धुतली, खरं तर. म्हातारा म्हणजे हिचे वडील — दोन वर्षं झाली, आमच्याकडेच असतात. उभा जन्म पाणी शुद्धीकरण केंद्रात व्हॉल्व्ह फिरवले. सात बादल्या खडी, उकिडवा बसून. मधे दोनदा थांबला. मी घड्याळाकडे बघितलं. मी बघितल्याचं त्याने बघितलं. परत लागला कामाला.

११ फेब्रुवारी

पंप जोडला. नळी उलटी बसली, पाणी थेट स्वयंपाकघरापर्यंत. म्हातारा हसला. हसला!

जेवताना मी विचारलं, "बाबा, हात फार थरथरतो तुमचा. लाळेरं शिवून घेऊ या का?" हिने मान खाली घातली. म्हाताऱ्याने चमचा ठेवून दिला.

१२ फेब्रुवारी

आज म्हाताऱ्याचं भाषण. "जावईबापू, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. दोन दिवस उघडं राहू द्या, उडून जाईल. आणि मासे लगेच सोडू नका. खडीला आधी जंतू धरायला हवेत, महिना तरी जातो. ते जंतूच घाण पचवतात. तोवर ती घाण म्हणजे विष."

म्हटलं, तुम्ही तिथे व्हॉल्व्ह फिरवत होतात की शास्त्रज्ञ होतात?

"व्हॉल्व्हच फिरवत होतो," म्हणाला, आणि गप्प बसला. तसाच बसावा.

१५ फेब्रुवारी

मासे आणले. तिलापिया, बोटाएवढे. दुकानदार म्हणाला, "पंधरा पुरेत. तेही महिन्याने न्या." चाळीस घेतले. पुढच्या रविवारी कारखान्यातले तिघे बघायला येणार आहेत. त्यांना काय रिकामा ड्रम दाखवू?

१७ फेब्रुवारी

मासे खातात. म्हातारा दिवसभर स्टूल टाकून ड्रमपाशी. एका शेपूटतुटक्या माशाला "साहेब" म्हणतो. हिला सांगत होता, "साहेब सगळ्यांना ढकलून पुढे येतात." ही हसली. मी आत आलो तर दोघंही गप्प.

१९ फेब्रुवारी

पाण्याला उग्र वास. म्हाताऱ्याने बोट बुडवून हुंगलं. "अमोनिया. अर्धं पाणी काढा, खाणं बंद करा." मासे मलूल झालेत, भुकेले दिसतात — आणि हा म्हणतो उपाशी ठेवा! दुप्पट खाणं टाकलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चाळीसच्या चाळीस पोट वर करून.

काढायला वेळच मिळाला नाही. तिघे अकराला म्हणाले होते, दहालाच टपकले. ड्रमभोवती उभे राहिले. माझे कान तापले. आणि तेवढ्यात स्टुलाखाली पावाचा चुरा दिसला.

"बाबा, पाव टाकलात?"

"दोन कण. साहेबाला."

बस्स! तिघांदेखत सांगितलं — हा बघा खुनी. एकतीस वर्षं गावाला पाणी पाजत होता, किती मेले कोण जाणे! एक जण हसला. बाकीचे दोघे चपला शोधायला लागले.

म्हातारा खाली बघत म्हणाला, "हो. माझ्याच हातून झालं असेल."

मेलेले मासे त्यालाच बादलीत भरायला लावले. मोठ्याने मोजत. तेविसाव्याला चुकला. पहिल्यापासून मोजायला लावले.

२३ फेब्रुवारी

हिला म्हटलं, तुझ्या भावाकडे पोचव त्यांना.

"चौथा मजला आहे त्याचा. लिफ्ट नाही. बाबांची छाती..."

"मग वरच राहायचं. उतरायचंय कशाला?"

चारला टॅक्सी आली. पिशवी एकच. निघताना म्हातारा गॅलरीत गेला. म्हटलं आता रडतोय की काय! पंपाचं बटण बंद करून आला. "पाणी तळाला गेलंय, पंप रिकामा फिरला तर जळेल," म्हणाला.

२८ फेब्रुवारी

पाणी तपासायचं किट आणलं. ड्रमच्या तळाचं जुनं पाणी बाटलीत घेतलं, आठ थेंब टाकले. पिवळं राहायला हवं. गर्द हिरवं झालं. सोबतच्या कागदावरचा शेवटचा रंगही त्यापेक्षा फिका.

बाटली घेऊन दुकानदाराकडे गेलो. म्हणाला, "खडी कोरी, आणि चाळीस मासे? साहेब, त्यांच्याच मुतात मारलंत त्यांना."

पावाचं विचारलं.

"दोन कणांनी काय होतंय!"

म्हणजे मी. इथे लिहितो आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

१ मार्च

म्हाताऱ्याला ठाऊक होतं. बोट हुंगून सांगितलं होतं त्याने. तिघांसमोर एक शब्द बोलला असता तर माझी शोभा झाली असती. बोलला नाही. उलट म्हणाला, माझ्याच हातून.

वाटलं होतं, हे लक्षात आल्यावर राग जाईल. वाढला! माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांसमोर, माझ्यावर उपकार करून गेला. कोणी मागितले होते?

हिला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

३ मार्च

पुन्हा सुरुवात. ड्रम घासला. पाणी दोन दिवस उघडं. मासे नाहीत. रोज मोजून थोडा अमोनिया टाकायचा, म्हणजे जंतू धरतात. पुस्तकात हेच आहे. पुस्तकात वाचलं म्हणून करतोय.

१९ मार्च

किटच्या बाटलीतला हिरवा रंग फिका पडतोय. ही आठवड्यातून दोनदा औषधाच्या दुकानातली ड्युटी संपवून परस्पर भावाकडे जाते. डबा नेते. "एकदा तुम्हीही चला," म्हणाली. "बाबा विचारत होते, पाणी कसं आहे."

काय कमाल आहे! माझं पाणी.

म्हटलं, सवड नाही.

६ एप्रिल

पंधरा मासे सोडले. पंधराच. वर खडीत लेट्युस आणि टोमॅटोची रोपं लावली.

९ एप्रिल

सगळे जिवंत! किटच्या बाटलीत पिवळं म्हणजे पिवळं पाणी.

२४ एप्रिल

ही भावाकडे गेली, म्हणे राहावं लागेल. किती दिवस ते सांगितलं नाही. चहासुद्धा माझा मलाच करावा लागतोय.

२५ एप्रिल

लेट्युसची पहिली पानं! कापून तशीच खाल्ली, उभ्याने. मेहुण्याचा फोन दोनदा वाजला. हात पाण्यात होते. नंतर केला नाही — म्हाताऱ्याच्या तक्रारी ऐकवणार, दुसरं काय!

२८ एप्रिल

ही आली. डोळे सुजलेले. मी काही विचारलं नाही; रडलेल्या बाईला विचारलं की तासभर जातो. गॅलरीत नेऊन पानं दाखवली.

"छान आली आहेत," म्हणाली.

किती दिवसांनी या घरात कोणी माझ्या कामाला छान म्हणालं!

४ मे

टोमॅटोला फुलं. ही हल्ली बोलत नाही. घर शांत. पंपाचा आवाज तेवढा. बरं वाटतं.

९ मे

तिघांना पुन्हा बोलावलं. आले. पानं वाटली, मासे दाखवले. जो मागे हसला होता त्याने विचारलं, "सासरे दिसत नाहीत?" म्हटलं, मुलाकडे आहेत, मजेत. ही पाणी घेऊन आली होती. ट्रे ठेवला आणि आत गेली. थोडं पाणी सांडलं.

११ मे

शनिवारपासून चार दिवस बाहेरगावी जायचंय. टाकीकडे कोण बघणार? हिला पंप आणि नळी यातला फरक कळत नाही. एकच माणूस आहे ज्याला नाकाने कळतं.

दिवसभर विचार केला. शेवटी ठरवलं — मोठं मन करायचं. माफ करून टाकायचं. खोली रिकामीच आहे, दोरीवरचे कपडे काढले की झालं. शिवाय गॅलरीत स्टूलही ठेवू देईन.

उद्या सकाळी सांगतो हिला. खूश होईल.

१२ मे

चहाच्या वेळी सांगितलं. बाबांना माफ केलं म्हणावं, घेऊन ये.

ही कप विसळत होती. विसळत राहिली. "बाबा गेले. सतरा दिवस झाले."

सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलं नाहीत."

दुपारी कामावरून आली. स्वतःपुरतं एक ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली.