पाचव्या खाटेजवळचं बेसिन

१० ऑगस्ट
कोथरूडच्या या रुग्णालयात आज रुजू झाले. जंतूंच्या प्रयोगशाळेची प्रमुख! दारावर पाटीही लागली, डॉ. शेफाली म्हणून. आतल्या फ्रिजवर सूचना आहे, 'येथे डबा ठेवू नये. ठेवल्यास त्यात काय वाढले ते विचारू नये.' पुण्यात आल्यासारखं वाटलं. वैद्यकीय संचालक विश्वजीत सर तुटक बोलले, पण आयसीयूच्या नाजिमा सिस्टरनी बोलावून चहा पाजला. खिडकीतून टेकडी दिसते. खूश आहे मी.

१९ ऑगस्ट
वाघोलीच्या मैनाबाई मांडीचं हाड मोडलं म्हणून आल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि आता आयसीयूत पाचव्या खाटेवर तापाने फणफणल्यात. त्यांच्या रक्तातले जंतू बशीत वाढवले, वर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं की चकतीभोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ वर्तुळ उमटतं. आज एकही वर्तुळ नाही. प्रत्येक चकतीच्या कडेपर्यंत दाट साय.

२६ ऑगस्ट
आता शेजारच्या चौथ्या खाटेवरच्या गृहस्थांना ताप. त्यांचा जंतू वेगळ्याच जातीचा, तरी वर्तुळ नाही. दोन्ही जंतूंची जनुकं तपासून घेतली. औषध तोडणारं जनुक एकच, डीएनएच्या त्याच सुट्या कड्यावर. म्हणजे मैनाबाईंचा जंतू यांना लागला नाही. कुठेतरी या दोन जाती एकत्र नांदल्या आणि एकीने आपली विद्या दुसरीला देऊन टाकली. पुस्तकात वाचलं होतं हे. आता माझ्याच बशीत.

२९ ऑगस्ट
सापडलं. पाचव्या खाटेजवळच्या बेसिनच्या निचऱ्याच्या नळीत बुळबुळीत थर आहे. त्यात कितीतरी जाती, आणि बहुतेकींत तेच जनुक. नळ सोडला की शिंतोडे थेट खाटेवर. आयसीयू बंद ठेवून नळ्या बदला, असं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आपण येण्याआधी हे रुग्णालय निरोगी होतं." बाहेर बोललात तर या शहरात कुणी दारात उभं करणार नाही, असंही शांतपणे सांगितलं. जेवून परतले तर माझ्या सगळ्या बश्या कचऱ्यात. प्रयोगशाळेत कुणी मान वर केली नाही.

३ सप्टेंबर
मैनाबाई गेल्या. दाखल्यावर कारण, वार्धक्य. त्यांचा मुलगा संपत माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.
"आई पायासाठी आलती, मॅडम. पाय बरा हाय म्हणतात. मग गेली कशानं?"
मी त्याला खरं ते सांगितलं. हे सगळं लिहून देते, उद्या ये म्हटलं. मागे वळले तर सर जिन्यात उभे होते.

५ सप्टेंबर
संपतला लिहून देणं राहिलं. काल कामावरच पोटात कळ आली, कोसळले. अपेंडिक्स फुटलेलं. शुद्धीवर आले तेव्हा पोट इथेच उघडून शिवलेलं. मला दुसरीकडे हलवा म्हटलं. सर खाटेशी वाकून म्हणाले, "स्वतःच्याच रुग्णालयावर विश्वास नाही?" खाट पाचवी. दुसरी रिकामी नाही म्हणे. डोक्याशी नळ—

८ सप्टेंबर
हुडहुडी. टाक्यांतून पू. नाजिमा सिस्टरनी माझ्या पुवातले जंतू वाढवलेल्या बशीचा फोटो फोनवर दाखवला. त्यांचे डोळे भरलेले. एकही वर्तुळ— संपतला कळवा म्हटलं. हो म्हणाल्या.

१० सप्टेंबर
श्वासाची नळी घातली. आवाज गेला. सिस्टर दिसत नाहीत. बदली, म्हणे. नवी नर्स माझ्याकडे बघतच—

१२
चौथ्या खाटेवर आज एक बाळंतीण. कोवळी पोर. तिची आई वाटी विसळायला बेसिनपाशी— खाटेच्या दांड्यावर हात आपटला. तिने बघितलं. हसून नमस्कार केला. पुन्हा नळाकडे— हे पान मोठ्या अक्षरांत लिहून तिला दाखवते—
मावशी त्या पाण्याला
हात ला