तपासणीच्या बाटलीतलं पाणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (सध्या मान इतकी ताठ आहे, की वाकणं कागदावरच जमतं.) तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुझ्याकडे ठेवलेली आमची चिमी, तिघांची खुशाली कळव. स्वच्छ पाणी मिळेपर्यंत पोरीला इथे ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवसापासून मी शिलाई कमी आणि अर्जच जास्त केले, हे तू जाणतेसच.

शेवटी पाणीखात्याच्या तपासनीस बाई बाटली घेऊन आल्या. पंक्चरवाल्याने गढूळ पाणी पुरावा म्हणून बादलीत जपून ठेवलं होतं. नळाला तेव्हा टिपूस नव्हता, म्हणून बाई म्हणाल्या, घरात भरलेलं द्या. मी बादली आणायला वळतो, तोवर आपल्या आईने बाटली भरूनही दिली. कुठल्या पाण्याने? दुहेरी फडक्यातून गाळलेल्या, तुरटी फिरवलेल्या, उकळून निववलेल्या. (गॅस परवडतो तेवढी एक कळशी ती आल्यागेल्यासाठी आणि चिमीसाठी ठेवायची, पण खेळणारं पोर बाहेर काय पितं, त्यावर झाकण कोण ठेवणार.) दारी आलेल्या माणसाला गाळ द्यायची आपल्या घराची रीत नाही, असं तिचं म्हणणं.

अहवाल आला: गल्लीचं पाणी उत्कृष्ट, तक्रार निकाली. पंक्चरवाल्याने बोलणं टाकलं. मधल्या इमारतीतले लोक, जे जार विकत घेऊन पितात, ते मला खोटारडा म्हणू लागले. मी खाली मान घालून काजं करत बसलो.

पण त्याच अहवालात समोरचा टॉवर नापास झाला होता. (गच्चीवरच्या टाकीत कबुतर निघालं म्हणे.) टॉवरचे सेक्रेटरी, ज्यांच्या पँटी मी दरवर्षी कमरेत सैल करतो, ते खवळले. असलं अमृत गल्लीला आणि आम्हाला नाही? आम्हालाही त्याच लाइनवर जोडा. आमच्या अर्जांवर धूळ साचली होती, त्यांच्या एका फोनवर खोदाई सुरू झाली. खणलं तर आमचा पाइप गटारातून गेलेला, आणि त्याची चाळण झालेली. तो टॉवरला कसा जोडणार? मग मुख्य वाहिनीपासून नवी लाइन टाकावी लागली, आणि ती आमच्याच गल्लीतून जाणार म्हटल्यावर वाटेतल्या प्रत्येक घराला नळ द्यावा लागला.

परवा उद्घाटन झालं. फीत माझ्या दुकानातली, कात्री माझी, कापली मात्र सेक्रेटरींनी. कापू देत. जिंकलो आम्ही, ताई. गल्लीने आईला खुर्चीवर बसवलं, पंक्चरवाल्याने हार घातला. मला रडू आलं, लपवत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. या खेपेला बाईंनी स्वतः नळाखाली बाटली धरली. पाणी पास झालं. आई तरी उकळतेच. म्हणते, पहिला नंबर माझ्या पाण्याचा आला होता, नळाचा नव्हे.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच. तुला चिमीचा लळा लागलाय, म्हणून सरळ मागायला जीभ रेटेना आणि एवढं पाल्हाळ लावलं. रविवारी भावजींबरोबर चिमीला घरी पाठव. नळ बसवताना प्लंबर कुरकुरत होता, एवढ्या खाली कुणी तोटी लावतं का, मोठ्या माणसांच्या कंबरा मोडतील. मोडू देत. तिच्या उंचीची आहे.